संघ हरला की दगड कुणावर?

सामना हरला की दोन माणसे आधी सापडतात. एक, ज्याच्या हातून शेवटची चूक झाली तो खेळाडू. दुसरा, मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक, म्हणजे आपल्या पोरांचे ‘सर’. संघ जिंकला तर गुलाल सगळ्यांवर उडतो. हरला तर शिव्या या दोघांच्याच वाट्याला येतात. असे का होते, आणि आपल्या वस्तीतल्या, आपल्या घरातल्या माणसांनी अशा वेळी कसे वागावे, याचा विचार या लेखात करू.

पावसाळा उलटला, भात-नाचणी-वरईची कापणी झाली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत खेळाचे दिवस सुरू होतात. शाळा-कॉलेजांचे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉलचे संघ बाहेर पडतात. गावोगाव टेनिस चेंडूचे क्रिकेट सुरू होते. आपला संघ जव्हारहून पालघर, डहाणू, वसईकडे जातो आणि बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच परत येतो. मग पारावर, एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर चर्चा रंगते. “सरांना काही येत नाही.” “त्या पोराला का घेतले?” “वशिल्याचा संघ आहे हा!” इथपर्यंत ठीक आहे. प्रेम आहे म्हणून राग आहे. ज्याला संघाचे काही वाटत नाही, तो चिडतही नाही. पण त्यापुढची वाक्ये जेव्हा जातीवर, पाड्यावर, बापाच्या धंद्यावर जातात, तेव्हा तो खेळावरचा राग राहत नाही.

आधी हारण्याचे कारण पाहू

आपले संघ का हरतात? दिवाळी झाली की या दोन तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर जातात. घरातला कमावता हात म्हणून सतरा-अठरा वर्षांचा पोरगाही जातो. ऑक्टोबरात जमवलेला संघ डिसेंबरात अर्धा उरतो. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असा कोसळतो की मैदानाचे चिखलाचे शेत होते. आत खेळायला मोठे सभागृह कुठे असते? बास्केटबॉलसारख्या खेळाला पक्का सपाट कोर्ट आणि दोन्ही टोकांना बोर्ड लागतात. ज्या गावात शाळेची खोली गळते, तिथे कोर्ट कुठून येणार?

आणि पोटाचे काय? १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. त्यानंतर योजना आल्या, पण कुपोषण हा शब्द या डोंगरातून गेलेला नाही. लहानपणी ज्याच्या ताटात पुरेसे अन्न पडले नाही, त्या शरीराकडून चाळीस मिनिटे चढाया-पकडींची अपेक्षा करताना हे विसरून कसे चालेल?

‘सरांचे’ही पाहा. शहरातल्या मोठ्या क्लबात फलंदाजीला वेगळा, गोलंदाजीला वेगळा, व्यायामाला वेगळा माणूस असतो. आपल्याकडे एकच शिक्षक कबड्डी शिकवतो, धावायला लावतो, प्रवासाची परवानगी काढतो, एस.टी.चे भाडे जमवतो, आणि निवडणुकीच्या कामालाही तोच जातो. म्हणून सर चुकतच नाहीत असे नव्हे. काही सर खरोखरच आळशी असतात, काही पक्षपात करतात. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणे वेगळे आणि दगड मारणे वेगळे.

हार आणि दगड: वाडेकरांची गोष्ट

हा फरक मोठमोठ्या शहरांतल्या शिकल्या-सवरल्या लोकांनाही कळलेला नाही. मुंबईच्या अजित वाडेकरांचेच उदाहरण घ्या. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवले. मुंबईत उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली. इंदूरला विजयाची आठवण म्हणून भलीमोठी बॅट उभारली गेली. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, तेच वाडेकर संघ घेऊन इंग्लंडला गेले. तिन्ही कसोट्या हरल्या. लॉर्ड्सवर तर अख्खा संघ ४२ धावांत गारद झाला. झाले! मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरच्या त्या बॅटीला काळे फासले गेले. ज्या हातांनी हार घातले, त्याच हातांनी दगड उचलले.

पुढे १९९६ च्या विश्वचषकात हेच वाडेकर भारतीय संघाचे व्यवस्थापक, म्हणजे आजच्या भाषेत प्रशिक्षक होते. १३ मार्चला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना होता. एका बाद ९८ वरून भारत ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. त्या रात्री प्रेक्षकांनी संघाला काय मिळवून दिले? उरलेले दोन गडी आणि उरलेली आशा, दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने संपवली. हारलेल्या खेळाडूला शेवटपर्यंत खेळण्याचा हक्कसुद्धा त्यांनी ठेवला नाही.

हारणाऱ्या संघातला जिंकणारा माणूस

वाचक बंधू-भगिनींनो, संघ हरला म्हणजे त्यातला प्रत्येक जण नालायक, हे गणित किती खोटे आहे ते पालवणकर बाळू यांच्याकडे पाहून कळते. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदान झाडता झाडता आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता घडला. संघातले सवर्ण त्याच्या चेंडूवर बळी मागत, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. महाराज मेजवान्या आणि भेटीगाठींत रमले. कप्तान क्वचितच मैदानात. संघ सामन्यामागून सामने हरला. पण त्याच हरत्या संघात बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे भाऊ शिवराम हेही त्याच दौऱ्यात होते. हारीची जबाबदारी कुणाची होती, आणि घाम कुणी गाळला?

बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद मात्र कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा व्यवस्थापनाला नमते घ्यावे लागले. पुढे १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. बाळूंचे राजकारण आपल्याला पटणारे नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तरीही मैदानावरचा त्यांचा झगडा आपल्या इतिहासाचा भाग आहे. हारणाऱ्या संघात राहूनही आपला खेळ स्वच्छ ठेवणे आणि अन्याय झाला तर शिवी न देता एकजुटीने नकार देणे, हे दोन धडे पालवणकर भावंडांनी दिले.

वंदनाच्या दारातले फटाके

शंभर वर्षांनी तरी काही बदलले का? ऑगस्ट २०२१ मधील घटना प्रत्येक घरात मुलांना सांगावी अशी आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला हॉकी संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. त्यात मोठा वाटा होता उत्तराखंडमधील हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावच्या वंदना कटारियाचा. दलित कुटुंबातल्या या मुलीने ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील वारले होते. सरावशिबिर सोडून तिला अंत्यदर्शनालाही जाता आले नव्हते.

४ ऑगस्टला अर्जेंटिनाने उपांत्य सामना २-१ असा जिंकला. सारा देश हळहळला. पण रोशनाबादमध्ये वंदनाच्या घरासमोर सवर्ण तरुणांनी फटाके वाजवले, नाच केला आणि तिच्या घरच्यांना जातीवरून शिवीगाळ केली. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे ते म्हणत होते. घरच्यांनी गप्प न बसता पोलिसांत तक्रार दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटक झाली.

इथे थांबून विचार करा. तीन गोल केले तेव्हा ती ‘देशाची लेक’ होती. एक सामना हरला आणि ती पुन्हा ‘खालच्या जातीची’ झाली. हारीचा राग जातीची वाट शोधत जातो, कारण ती वाट आधीपासून रुळलेली असते. वंदना मात्र खचली नाही. दोनच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात तिने ब्रिटनविरुद्ध गोल केला. तो सामनाही ३-४ असा गेला, पण चौथा क्रमांक ही महिला संघाची ऑलिंपिकमधली तोपर्यंतची सर्वोत्तम कामगिरी होती. २०२२ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

आता हाच आरसा आपल्याकडे वळवू. टपरीवर बसून आपण “कातकऱ्याच्या पोराला काय कळते?” किंवा “वारल्यांची पोरं पळतील, पण डोके नाही” असे कुणाच्या तोंडून ऐकतो तेव्हा हसतो की थांबवतो? “जयभीमवाल्यांना घेतले की असेच होणार” हे ऐकताना आपल्या काळजाला जी आग लागते, तीच आग त्या वारली, कोकणा, कातकरी आईबापांच्या काळजालाही लागते. स्वाभिमान फक्त आपल्यापुरता मागता येत नाही.

सलग तीन पराभव आणि एक ‘सर’

काही जण म्हणतील, “मग हारणाऱ्या प्रशिक्षकाला डोक्यावर घेऊन नाचायचे काय?” नाही. पण त्याला काम पुरे करायला वेळ तरी द्यायचा. याचे ताजे उदाहरण आपल्याच नवी मुंबईत घडले.

अमोल मुजुमदार हे मुंबईचे. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा म्हणजे अमोल. पुढे त्यांनी प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा केल्या, पण भारताच्या संघात त्यांना एकदाही घेतले गेले नाही. २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

२०२५ च्या विश्वचषकात ऑक्टोबर महिन्यात त्यांचा संघ लागोपाठ तीन सामने हरला. ९ तारखेला दक्षिण आफ्रिकेकडून ३ गडी राखून. १२ तारखेला ऑस्ट्रेलियाकडून, तेही ३३० धावा करून. १९ तारखेला इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या ४ धावांनी. घरच्या मैदानावर स्पर्धा आणि हाता-तोंडाशी आलेले सामने निसटलेले. लोकांचा संताप उसळला. संघनिवड चुकली, सर चुकले, बायकांचे क्रिकेट असेच, अशी टीका सुरू झाली. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला तर संघाबाहेरच बसवले होते.

मुजुमदारांनी काय केले? त्यांनी खेळाडूंना झापले, पण खोलीच्या आत. बाहेर कुणाचे नाव घेऊन खापर फोडले नाही. जेमिमाला परत आणले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या, तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिले ते इतकेच, की अंतिम फेरीसाठी त्यांच्यापेक्षा एकच धाव जास्त हवी. जेमिमाने नाबाद १२७ धावा काढून सामना जिंकून दिला. स्पर्धेच्या काळात मनावर किती ताण होता आणि आपण किती वेळा रडलो, हे तिने सामन्यानंतर सर्वांसमोर मोकळेपणाने सांगितले. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. त्या संघात राधा यादवही होती. तिच्या वडिलांनी कांदिवलीत भाजी विकून तिला वाढवले.

१९ ऑक्टोबरच्या रात्री लोकांचे ऐकून प्रशिक्षक आणि अर्धा संघ बदलला असता तर २ नोव्हेंबरची रात्र आलीच नसती. अर्थात प्रत्येक हारीनंतर असा विजय येतोच असे नाही. पण माणसाला काम पुरे करू दिल्याशिवाय तो येण्याची शक्यताच उरत नाही.

खेळ शोधणारा गुरुजीच हरला

गंमत म्हणून नव्हे, समजून घेण्यासाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचे भयंकर वेड. तिथे कितीतरी राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वांत जास्त पगार गव्हर्नरला नव्हे, तर विद्यापीठाच्या संघाच्या प्रशिक्षकाला मिळतो. संघ हरू लागला की त्याच्या हकालपट्टीची मागणी सुरू होते. पण हा खेळ ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ हा साधा व्यायामशिक्षक. १८९१ साली त्याने फळांच्या टोपल्या उंचावर टांगून हा खेळ सुरू केला. पुढे तो कॅन्सस विद्यापीठाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेला प्रशिक्षक एकच, खुद्द खेळाचा जनक!

मग तो नापास झाला का? त्याच विद्यापीठात जॉन मॅक्लेंडन नावाचा काळा विद्यार्थी शिकायला आला. रंगामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात खेळायला बंदी होती. वृद्ध नेस्मिथने त्याला हाताशी धरून खेळाचे शास्त्र शिकवले. हाच मॅक्लेंडन पुढे काळ्यांच्या कॉलेजचा प्रशिक्षक झाला आणि १९५७, १९५८ आणि १९५९ असे सलग तीन वर्षे त्याच्या संघाने आपल्या गटाचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. गुरुजीचे मोजमाप फक्त गुणफलकावर होत नाही. त्याने कुणाला उभे केले, यावरही होते.

आपल्या शेजारचेच पाहा. मोखाड्याचा घाट ओलांडला की नाशिक जिल्हा. तिथल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत. नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी तिला घडवले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्यात तिने कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तोच डोंगर, तोच पाऊस, तीच नाचणीची भाकरी. फरक इतकाच की एका माणसाने तिच्यासोबत वर्षानुवर्षे काम केले.

मग आपण काय करावे?

राग येऊ द्या, पण तो योग्य दारात न्या. कॉलेजात प्रवेश घेताना जिमखान्याची फी घेतली जाते. ती कुठे खर्च झाली, हे पालकांनी लेखी विचारावे. संघ निवडताना चाचणी सर्वांसमोर झाली का, वीटभट्टीवर गेलेल्या मुलाला निरोप तरी पोहोचला का, प्रवासभत्ता आणि जेवण मिळाले का, मुलींच्या संघासोबत शिक्षिका गेली का, हे विचारावे. सर पक्षपात करत असतील तर चार पालकांनी सह्या करून प्राचार्यांना अर्ज द्यावा. जातीवरून कुणी बोलले तर साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत आणि गप्प बसू नये. वंदनाच्या घरच्यांनी तेच केले.

मुलांच्या खेळाची प्रमाणपत्रे जपून ठेवा. दहावी-बारावीला ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना क्रीडागुणांची सवलत असते. राज्य शासनाच्या नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. गरिबाच्या घरी खेळ म्हणजे चैन, हा समज सोडून द्या. तो शिक्षणाचाच भाग आहे.

आणि घरात? पोरगा हरून आला, पोरगी पहिल्याच फेरीत बाद होऊन आली, तर माऊलींनो, आधी तिला पाणी द्या, भाकरी वाढा. “काय झाले?” हे दुसऱ्या दिवशी विचारा. बापानेही गावात फिरून सरांना शिव्या घालण्यापेक्षा एक दिवस मजुरी बुडाली तरी मैदानावर जाऊन बसावे. बाप कडेला बसलेला दिसला की मुलगी जास्त जोमाने खेळते.

संघ पुढच्या वर्षीही कदाचित हरेल. पण दगडाच्या भीतीने एकही पोर घरी बसता कामा नये. हरूनसुद्धा सगळीच्या सगळी बारा पोरे पुन्हा सरावाला आली, तर जव्हार-मोखाड्याने अर्धा सामना जिंकलाच म्हणून समजा.